जुन्या शहरांतला नवा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सहज 'इटलीचा प्रवास' असे सांगून टाकले होते. पण मागाहून मनात आले, की पत्रिकेवर तसे छापले गेले तर पुष्कळ मंडळी म्हणतील, आता हे गृहस्थ पिसाचा झुकता मनोरा आणि व्हेनिसच्या नावा यांवर तासभर बोलणार! म्हणून मी घाईघाईने शीर्षक बदलून घेतले. मनोरा आणि नावा यांची वर्णने आपण वाचलेली आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांनी त्या वस्तू प्रत्यक्षही पाहिल्या असतील. मला आज सांगायचे आहे ते त्या वस्तूंच्या शेजारी उभ्या असलेल्या, पण आपण सहसा ज्यांच्याकडे पाठ करून छायाचित्र काढतो अशा इमारतींविषयी.

प्रथम थोडी घरची गोष्ट सांगतो. माझे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, आणि इटलीच्या आघाडीवर दोन हिवाळे काढून ते परत आले. आम्ही मुले त्यांना विचारीत असू, "अण्णा, रोम पाहिलंत का?" ते म्हणत, "नद्या पाहिल्या. एक ओलांडली की पुढे दुसरी. आणि मधे चिखल." याहून अधिक ते बोलत नसत. एकदाच, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा, म्हणाले, "गोऱ्या माणसाला भाकरीसाठी हात पसरताना मी तिथं पहिल्यांदा पाहिलं." आणि पुन्हा गप्प झाले.

पुढे अनेक वर्षांनी मी इटलीला निघालो, तेव्हा पाहण्याच्या जागांची एक लांबलचक यादी केली होती. फ्लॉरेन्सच्या स्टेशनावर उतरेपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या यादीतली सर्वांत नवी वस्तू सतराव्या शतकातली होती. म्हणजे अण्णांनी पाहिलेली इटली माझ्या यादीत मुळी नव्हतीच.

हे मला स्टेशनावरच सुचले, याचे कारण ते स्टेशन. गाडीतून उतरून मी मोठ्या दालनात आलो आणि वर पाहिले. छपराला काचेचा एक रुंद पट्टा आहे, आणि तो दर्शनी भिंतीवरून धबधब्यासारखा खाली उतरतो. बाहेर आलो तर समोर सांता मारिया नोव्हेल्ला या जुन्या चर्चची पाठीमागची बाजू. स्टेशनची इमारत बैठी, आडवी, अलंकाराचा लवलेश नसलेली. पण तिला लावलेला तपकिरी दगड, फ्लॉरेन्सच्या जुन्या वाड्यांना असतो तोच. घरात वडील माणूस बसले असता मुलाने शेजारी खाली बसावे, तशी ती इमारत चर्चसमोर बसली आहे. जोव्हान्नी मिकेलुच्ची आणि त्यांचे पाच तरुण सहकारी यांनी ती रचली, आणि १९३५ साली ती खुली झाली.

आता सन ऐकून आपल्या मनात शंका आली असेल. १९३५ म्हणजे मुसोलिनीची राजवट. होय. या आराखड्यावर त्या वेळी मोठे वादळ उठले होते. मध्ययुगीन फ्लॉरेन्सच्या तोंडाशी ही काचेची पेटी कशाला, असे विरोधकांचे म्हणणे होते. तेव्हा पाठिंबा दिला तो मुसोलिनीने. म्हणजे अडचण पाहा कशी आहे! इमारत चांगली, विनयशील, आणि तिला आशीर्वाद मात्र एका हुकूमशहाचा. आणि गोष्ट येथे थांबत नाही. त्याच स्थानकात फलाटांपाशी स्मरणाचा एक फलक आहे. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी फ्लॉरेन्समध्ये पकडलेल्या ज्यूंना घेऊन या स्थानकातून एक गाडी सुटली. ती आउश्विट्झला गेली. स्टेशनचे वय तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते. मी त्या फलकापाशी उभा होतो आणि माझ्या भोवतीने प्रवासी पेट्या ओढीत डेव्हिड पाहण्यासाठी धावत होते. त्यांना दोष देणारा मी कोण? अर्ध्या तासापूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो.

त्या दिवशी मी यादी खिशात घातली आणि आर्नो नदीकडे चालत गेलो. नदीवर पोन्ते व्हेक्क्यो नावाचा सोनारांच्या दुकानांचा प्रसिद्ध पूल आहे. तो चौदाव्या शतकातला आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पुलाच्या दोन्ही टोकांची घरे नीट निरखून पाहावीत. खिडक्या एका मापाच्या, भिंती सरळसोट. ही घरे मध्ययुगातली नव्हेत, ती युद्धानंतरची आहेत. ३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आणि ४ तारखेच्या पहाटे माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे सगळे पूल सुरुंग लावून उडवले. एवढा एकच जुना पूल त्यांनी राखला. पण त्यावरून शत्रूला येता येऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांकडील आळ्याच्या आळ्या जमीनदोस्त केल्या. पूल वाचला तो अशा रीतीने.

पुढे प्रश्न आला, की पडले ते कसे बांधावे? फ्लॉरेन्सजवळ राहणारे कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांचे म्हणणे, जे जेथे होते तेथे, जसे होते तसेच पुन्हा उभारा. मिकेलुच्ची, म्हणजे तेच स्टेशनवाले, यांचे म्हणणे, जुन्याची नक्कल करू नका, माणसे आज कशी राहतात हे पाहून नवे रचा. वाद पुष्कळ झाला. घरांच्या बाबतीत कोणाचेच धड झाले नाही. ना जुने, ना नवे, अशी मधलीच वाट निघाली. शेजारच्या सांता त्रिनिता पुलाच्या बाबतीत मात्र बेरेन्सन यांच्या बाजूचा जय झाला. आम्मान्नाती याने सोळाव्या शतकात बांधलेला हा पूल. नदीतून त्याचे दगड वर काढले, कमी पडले ते जुन्याच जातीचे आणून घडवले, आणि १९५८ साली पूल पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. आज आपण त्यावर उभे राहून म्हणतो, "काय हे सोळावे शतक!" आणि पायांखाली असते ते १९५८.

या पुलाच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. चारही नदीत पडले होते. सगळे सापडले, जोडले गेले, परंतु वसंताच्या पुतळ्याचे शिर काही मिळेना. कोणी सैनिकाने ते उचलून नेले, अशा वावड्याही उठल्या. पूल झाला, पुतळे जागी बसले, आणि वसंत बिनडोक्याचाच उभा राहिला. शेवटी १९६१ साली नदीचा गाळ काढताना ते शिर हाती लागले. आज वसंताच्या मानेभोवती सांध्याची रेषा जवळून पाहिली तर दिसते. वसंत व्याख्यानमालेत ही गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरला नाही, एवढे आपण गोड मानून घ्यावे.

वसंताची आणखी एक गोष्ट तेथे घडली, आणि तिचा आपल्या लोकांशी संबंध आहे. बोत्तिचेल्ली या चित्रकाराचे 'प्रिमाव्हेरा', म्हणजे 'वसंत', हे चित्र आज उफ्फिझी संग्रहालयात लोक दाटीवाटीने पाहतात. युद्धात बाँबच्या भीतीने ते फ्लॉरेन्सबाहेर मोंतेगुफोनी नावाच्या गढीत इतर अनेक चित्रांबरोबर नेऊन ठेवले होते. जुलै १९४४ मध्ये लढाई त्या गढीपर्यंत आली, तेव्हा ती ज्यांच्या ताब्यात आली ते ८ व्या भारतीय डिव्हिजनचे सैनिक होते. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. भिंतींना टेकवून ठेवलेली ती चित्रे सुखरूप राहिली आणि युद्ध संपल्यावर आपल्या जागी परत गेली. आता संग्रहालयात त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर आपल्याला चित्रकाराचे शतक आठवते. जुलै १९४४ हा महिना आठवत नाही.

फ्लॉरेन्सहून रोमला आलो. रोमचे तर असे आहे, की तेथे दोन हजार वर्षांखालील वस्तूला वस्तू म्हणायला लोक तयार नसतात. कोलोसियमपासून व्हेनेझिया चौकापर्यंत एक रुंद, सरळ रस्ता जातो. दोन्ही बाजूंना सम्राटांच्या चौकांचे अवशेष, खांब, कमानी. आपण चालताना सहज समजतो, की सीझरच्या मिरवणुका याच वाटेने गेल्या असतील. श्रोतेहो, हा रस्ता १९३२ सालचा आहे. मुसोलिनीने त्या वर्षी २८ ऑक्टोबरला घोड्यावर बसून त्याचे उद्घाटन केले. त्यासाठी वेलिया नावाची टेकडी कापून काढली, शतकानुशतके नांदत असलेली दाट वस्ती पाडली, आणि तेथल्या पुष्कळ गोरगरिबांना शहराबाहेर दूरच्या वस्त्यांत नेऊन टाकले. सम्राटांच्या चौकांचा बराच भाग उकरून पुन्हा रस्त्याखाली गाडला, तोही याच कामात. ज्या रोमच्या वैभवाच्या नावाने हे केले, त्याच रोमवर डांबर ओतले!

या रस्त्याच्या कडेला, मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेच्या भिंतीवर, दगडाचे चार मोठे नकाशे बसवले आहेत. पहिल्यात रोम हा एक पांढरा ठिपका आहे. दुसऱ्यात तो वाढतो, तिसऱ्यात ऑगस्टसच्या काळी आणखी वाढतो, आणि चौथ्यात ट्रेजनच्या काळी सारा भूमध्य समुद्र वेढतो. लोक पाहतात, छायाचित्रे काढतात, पुढे जातात. मीही पुढे गेलो होतो. मग चौकशी करता कळले, की हे नकाशे १९३४ चे, आणि १९३६ साली त्यांच्याजवळ एक पाचवा नकाशा लावला होता. त्यात मुसोलिनीचे साम्राज्य दाखवले होते, नुकत्याच जिंकलेल्या इथिओपियासह. युद्धानंतर तो काढून टाकला. आता भिंतीवर चारच आहेत, आणि चारच पाहून आपल्याला तो प्राचीन इतिहासाचा निरुपद्रवी धडा वाटतो. पाचवा काय होता हे कळल्याशिवाय पहिले चार कशासाठी लावले हे कळत नाही.

हा पाचवा नकाशा मला रोममध्ये मग ठिकठिकाणी दिसू लागला. शहराच्या दक्षिणेस 'एउर' नावाचा भाग आहे. १९४२ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरवायचे होते. युद्धामुळे ते भरलेच नाही. पण इमारती राहिल्या. त्यांतली एक पांढरी, चौकोनी, प्रत्येक बाजूस कमानींच्या सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ कमानी. लोक तिला चौकोनी कोलोसियम म्हणतात. उन्हात ती फार सुंदर दिसते, हे मी कबूल करतो. तिच्या माथ्यावर चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत इटालियन लोकांची स्तुती कोरली आहे: हे कवींचे, कलावंतांचे, संतांचे, दर्यावर्दींचे राष्ट्र, अशा अर्थाची. ऐकायला गोड आहे. पण हे शब्द मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५ च्या भाषणातले आहेत, आणि त्या भाषणात त्याने इथिओपियावरील स्वारीची घोषणा केली होती. त्या स्वारीत इटलीच्या सैन्याने विषारी वायू वापरला. इमारतीत २०१५ पासून एका फॅशन कंपनीचे मुख्य कार्यालय आले. अक्षरे जागच्या जागी आहेत.

इथिओपियातून लुटीबरोबर एक प्राचीन शिलास्तंभही आणला होता, अक्सुम या नगरीतला, सुमारे २४ मीटर उंचीचा. तो १९३७ साली रोममध्ये उभा केला. १९४७ च्या तहात तो परत करण्याचे कबूल झाले, परंतु कबुली आणि कृती यांत किती अंतर असू शकते, हे आपणांस सांगायला नको. १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक भरले. मॅरेथॉन शर्यत संध्याकाळी सुरू झाली, आणि शेवटच्या टप्प्यात धावपटूंना या स्तंभावरून जाऊन कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पोहोचायचे होते. अंधार पडला होता, वाटेवर मशाली पेटल्या होत्या. सर्वांत पुढे एक माणूस अनवाणी धावत होता. तो इथिओपियाच्या बादशाही रक्षकदलातील सैनिक अबेबे बिकिला. आपल्या देशातून उचलून आणलेल्या स्तंभाजवळून तो पुढे गेला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्याने शर्यत जिंकली. स्तंभ परत जायला मात्र २००५ साल उजाडावे लागले, आणि २००८ साली तो अक्सुमला पुन्हा उभा राहिला. रोममध्ये त्या जागी आता तो नाही. जो आहे ते पाहायला सगळेच जातात. जो नाही त्याची जागा पाहायला मी गेलो, आणि माझा वेळ फुकट गेला असे मला वाटले नाही.

याचा अर्थ नवे म्हणजे सारे काळेकुट्टच, असे कोणी समजू नये. त्याच ऑलिंपिकसाठी पिएर लुइजी नेर्व्ही यांनी आन्नीबाले व्हितेल्लोझ्झी यांच्यासह एक लहान क्रीडागृह बांधले, १९५७ साली. सुमारे ६० मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आणि त्याचा भार तोलण्यासाठी भोवती इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे खांब, जणू हात वर करून उभी राहिलेली माणसे. आत उभे राहून वर पाहिले, की सूर्यफुलाच्या गाभ्याची आठवण होते. घुमटाचे तुकडे आधीच साच्यांत ओतून मग वर जुळवले होते, म्हणून काम झटपट आणि स्वस्तात झाले. आदल्या दिवशी मी पँथिऑन पाहिले होते. तोही काँक्रीटचाच घुमट, एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, ४३ मीटरांचा, पण त्यात लोखंड नाही. या दोन घुमटांत एकाच शहराची एकच विद्या आहे. नेर्व्हींनी एकही रोमन खांब उसना घेतला नाही, आणि तरी ते रोमचे खरे वारसदार ठरले. चौकोनी कोलोसियमने शेकडो कमानी उसन्या घेतल्या.

आता असा प्रश्न येतो, की वाईट काळाच्या इमारतींचे करावे काय? पाडाव्यात, तर स्टेशनही पाडावे लागेल. ठेवाव्यात, तर ती कोरलेली अक्षरे रोज उन्हात चमकत राहणार. उत्तरेकडील बोल्झानो शहराने काय केले ते सांगतो. तेथे जुन्या फॅसिस्ट पक्षाच्या कचेरीवर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचे प्रचंड शिल्प आहे, आणि त्यावर आज्ञापालनाचा उपदेश कोरलेला आहे. लोकांनी वर्षानुवर्षे वाद घातला. अखेर २०१७ साली शिल्प तसेच ठेवून त्यावर इटालियन, जर्मन आणि लादिन या तीन स्थानिक भाषांत दिव्यांची अक्षरे बसवली. आज्ञा पाळली एवढ्याने कोणी जबाबदारीतून सुटत नाही, अशा आशयाचा हॅना आरेन्ट या विदुषीचा विचार तीत आहे. म्हणजे जुने वाक्य पुसले नाही. त्याला उत्तर दिले. हाच उपाय सर्वत्र लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु एका नगराने बसून, भांडून, विचार करून तो काढला, याचे मला मोल वाटते.

रोम सोडण्यापूर्वी मी आर्देआतिना रस्त्याला गेलो. त्या बाजूला आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची भुयारी थडगी आहेत, आणि यात्रेकरूंच्या गाड्या तेथे सतत येतात. तेथून थोड्याच अंतरावर काही जुन्या खाणी आहेत. २४ मार्च १९४४ रोजी, आदल्या दिवशी रोममध्ये झालेल्या बाँबहल्ल्यात ३३ जर्मन पोलीस-सैनिक मेले, त्याचा सूड म्हणून एकास दहा या हिशेबाने माणसे तेथे आणून गोळ्या घातल्या. हिशेबात चूक होऊन पाच माणसे जास्त आणली गेली, त्यांनाही मारले. ३३५ माणसे. १९४९ साली तेथे स्मारक झाले. ओळीने थडगी, आणि त्या सर्वांवर मिळून काँक्रीटची एकच अवाढव्य शिळा, जमिनीपासून थोडी अधांतरी. कडेच्या फटीतून उजेड येतो. तेथे कमान नाही, पुतळ्यांची दाटी नाही, पराक्रमाची भाषा नाही. मी इटलीत पाहिलेल्या सर्व वास्तूंत, जुन्या आणि नव्या, मला तेथे सर्वांत अधिक वेळ थांबावेसे वाटले.

रोममधून तैबर नदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात, टेकडीवर मोंतोने नावाचे तटबंदीचे लहानसे गाव आहे. माझा शेवटचा मुक्काम त्या बाजूला होता. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावून गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि जवळून झाडलेल्या गोळ्यांनी तेथेच पडले. ते रायगड जिल्ह्यातले, वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या लढाईत भारताचे सुमारे ५० हजार सैनिक होते. त्यांतले पाच हजारांहून अधिक परतले नाहीत. मोंतोनेच्या लोकांनी २०२३ साली घाडगे यांचे स्मारक केले. ते एक सूर्यघटिकायंत्र आहे. त्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द आहेत.

त्या टेकडीवरून खाली नदी दिसते. अगदी साधी नदी, आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याहून थोडी मोठी. मला अण्णांची आठवण झाली. लहानपणी मला वाटे, अण्णा इटलीला जाऊन काहीच न पाहता आले. आता वाटते, त्यांनी जे पाहिले ते पाहायला मला सत्तर वर्षे लागली.

श्रोतेहो, फार वेळ घेतला. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण प्रवासात मला लागलेली एक सवय आपल्यापुढे ठेवतो. कोणत्याही जुन्या शहरात, कोणत्याही इमारतीपुढे उभे राहिले की मी आता तीन प्रश्न विचारतो. ही कधी बांधली? कोणाच्या हुकमाने बांधली? आणि येथे आधी काय होते, ते कोठे गेले? पहिल्याचे उत्तर मार्गदर्शक पुस्तकात मिळते. दुसऱ्याचे फलकावर मिळते. तिसऱ्याचे मात्र बहुधा एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच विचारावे लागते, आणि ते लवकर विचारावे लागते. मी अण्णांना पुरेसे विचारले नाही.

आपण हे प्रश्न इटलीत विचाराल तेव्हा विचाराल. उद्या सकाळी मंडईत जाताना विचारून पाहायलाही हरकत नाही.